कठीण दिवसांत एकच अल्बम : निवडायचा कसा, लावायचा कसा, आणि तो नासतो कशाने

कोमल_निषाद (धागाकर्ती)

वाईट दिवस आले की 'गाणी ऐक, बरं वाटेल' असं सगळे सांगतात. कुठली ऐकायची, किती वेळ, कशावर, कुठल्या क्रमाने, याबद्दल कोणी बोलत नाही. म्हणून हा धागा. विषय मुद्दाम अरुंद ठेवला आहे: सुटी गाणी नकोत, अख्खा अल्बम हवा. वियोग, लांबलेलं आजारपण, उडालेली झोप, घरातल्या कुणाची शुश्रूषा, प्रसंग यांतला कुठलाही धरा.

अल्बमच का, याचं माझं उत्तर असं. अशा दिवसांत डोक्याला सगळ्यांत जड जातं ते ठरवणं. जेवायचं की नाही हेही जिथे ठरत नाही, तिथे पुढचं गाणं कोण निवडणार? अल्बम एकदा लावला की चाळीसेक मिनिटं काही ठरवावं लागत नाही. शिवाय पाठ झालेल्या अल्बममध्ये तिसरं गाणं विरत असतानाच चौथ्याचा पहिला स्वर कानात उमटतो, आणि मग तो खरोखर येतो. बाकी कशाचाच भरवसा नसताना एवढी एक गोष्ट ठरल्याप्रमाणे घडते. या वाट पाहण्याची खूण मेंदूतही सापडली आहे. मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं, की आवडीचं संगीत ऐकताना अंगावर काटा येतो त्या क्षणी मेंदूच्या एका भागात डोपामिन वाढतं, पण त्याआधीच्या काही सेकंदांत, 'आता येणार' या नुसत्या चाहुलीनेच, दुसऱ्या भागात ते वाढलेलं असतं. अनोळखी अल्बमकडून ही अपेक्षाच करता येत नाही.

निवडताना चार गोष्टी बघाव्यात. आधी निदान सात-आठ वेळा पूर्ण ऐकलेला हवा. लांबी ३० ते ५० मिनिटं. त्याहून मोठा असेल तर अर्ध्यावर तुटतो, आणि तुटलेल्या ऐकण्याचा आधार होत नाही. आवाजात दचकवणारी उसळी नको. आणि ज्या घटनेतून माणूस जातो आहे तिच्याशी तो आधीपासून जोडलेला नको. ही शेवटची अट लोक हमखास विसरतात. गेलेल्या माणसाच्या आवडीचा अल्बम पहिल्या पंधरवड्यात काढू नये. त्याचं काम वेगळं आहे आणि त्याचा दिवसही वेगळा.

जाणकारांनी पुढे लिहावं. तांत्रिक बाजू तबकडी सांगतीलच.

तबकडी

बोलावलंत म्हणून आलो. अल्बम म्हणजे क्रम आणि शांतता, दोन्ही. आजचे प्लेअर या दोन्हींचा बळी द्यायला टपलेले असतात, त्यामुळे आधी सेटिंगमध्ये जा. हे बरं असताना करून ठेवा, नंतर अंगात त्राण नसतं.

शफल बंद. क्रॉसफेड शून्यावर, बऱ्याच प्लेअरमध्ये तो ० ते १२ सेकंदांपर्यंत जातो, आणि चुकून पाचावर राहिला तर प्रत्येक गाण्याचा विरतानाचा शेवट पुढच्या गाण्याखाली गाडला जातो. दोन गाण्यांमधली ती दोन-तीन सेकंदांची शांतता अल्बम बांधणाऱ्याने मोजून सोडलेली असते, ती त्याला परत द्या.

गॅपलेस चालू. हे क्रॉसफेडच्या उलट आहे, लोक गल्लत करतात. सलग वाजणारी गाणी सांध्यावर उचकी न लागता वाजावीत म्हणून हा पर्याय असतो. उचकी का लागते? एमपी३मध्ये आवाज १,१५२ नमुन्यांच्या चौकटींत बांधला जातो, एक चौकट साधारण २६ मिलिसेकंदांची. गाणं काही नेमकं चौकटीच्या हद्दीवर संपत नाही, म्हणून उरलेली जागा शांततेने भरतात, सुरुवातीलाही थोडी भर पडते. किती भर घातली याची नोंद फाइलमध्ये असते, पण प्लेअरने ती वाचली तर. फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काही न गमावता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात, ही भानगडच नाही.

ऑफलाइन उतरवून ठेवा. रेंज नसलेल्या ठिकाणी, लिफ्टमध्ये, इस्पितळाच्या तळघरातल्या तपासणी विभागात नेमकी गरज पडते. जागेचा हिशोब: सीडीच्या दर्जाचा आवाज न दाबता मिनिटाला साधारण १० एमबी खातो, फ्लॅकमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास, ३२० केबीपीएसच्या एमपी३मध्ये २.४ एमबी. म्हणजे ४५ मिनिटांचा अल्बम एमपी३मध्ये सुमारे १०८ एमबी. आजच्या फोनला हे काहीच नाही. जाहिराती मध्ये येणारी फुकट सेवा मात्र या कामाला अजिबात वापरू नका. आलापानंतर विम्याची जाहिरात ऐकली की सगळं मुसळ केरात.

हेडफोन एकाच वेळी दोन उपकरणांना जोडलेला असेल तर दुसरं उपकरण काढून टाका. लॅपटॉपवर आलेल्या कुठल्यातरी मेलची टिंग अल्बम मध्येच थांबवते.

गणित_कच्चं

हे सगळं करूनही शेवटचं गाणं संपलं की भलतंच काहीतरी सुरू होतं. आणि नॉर्मलायझेशन काय प्रकार आहे, चालू ठेवायचं की बंद?

तबकडी

भलतं सुरू होतं तो ऑटोप्ले, 'असंच आणखी ऐका' छापाचा. तो वेगळ्या ठिकाणी असतो, शोधून बंद करा. अल्बमनंतरची शांतता हा अल्बमचाच भाग आहे, तिथे यंत्राने आपली आवड लादू नये.

नॉर्मलायझेशनचे दोन प्रकार आहेत. एक प्रत्येक गाण्याचा आवाज स्वतंत्रपणे एका पातळीवर आणतो, दुसरा अख्ख्या अल्बमला एकच वाढ-घट लावतो. समजा पाचवं गाणं बाकीच्यांपेक्षा ८ डेसिबलने हळू आहे, नुसता आवाज आणि एक वाद्य. पहिल्या प्रकारात यंत्र ते उचलून चौथ्याच्या बरोबरीला आणतं. कुजबुज ओरडून सांगितल्यासारखी. आपल्याला दुसरा प्रकार हवा. स्वतःच्या फाइली वाजवणाऱ्या प्लेअरमध्ये 'रिप्लेगेन' नावाखाली ट्रॅक आणि अल्बम असे दोन पर्याय दिसतील, तिथे अल्बम. स्ट्रीमिंगच्या काही ठिकाणी अल्बम क्रमाने लावला की हे आपोआप होतं आणि शफल केलं की गाण्यागणिक सुरू होतं. शफलविरुद्ध हा आणखी एक मुद्दा.

अर्धमात्रा

लयीबद्दल लिहिते, कारण तिथेच सगळ्यांत जास्त अंदाजपंचे चालतं.

मोजायची रीत सोपी. १५ सेकंदांत पडणारे ठोके मोजायचे, चौपट करायची. शांत व्हायला ६० ते ८० च्या आसपासची लय बरी पडते, आणि ती श्वासाशी जोडता आली तर जास्त बरी. मिनिटाला सहा श्वास हा सावकाश श्वसनाचा नेहमीचा वेग, म्हणजे एक श्वास दहा सेकंदांचा. लय ६० असेल तर दहा ठोके: चार ठोके आत, सहा बाहेर. लय ७२ असेल तर दहा सेकंदांत बारा ठोके: पाच आत, सात बाहेर. ८४ असेल तर चौदा: सहा आत, आठ बाहेर. उच्छ्वास लांब ठेवायचा एवढं धरून ठेवा. चक्कर येते किंवा ओठांना मुंग्या येतात ते खोल श्वास ओढल्यामुळे. श्वास हळू हवा, मोठा नव्हे. दोन गाणी पुरेत, अख्खा अल्बमभर मोजत बसू नका, नाहीतर तो व्यायाम होतो.

दुसरी चूक म्हणजे मन खवळलेलं असताना एकदम संथ काही लावणं. चीड येते, 'हे काय रडगाणं' वाटून बंद केलं जातं, आणि अल्बमवर ठपका. संगीतोपचारात १९४० च्या दशकापासून चालत आलेलं तत्त्व आहे, की आधी मनाच्या असलेल्या अवस्थेला जुळेल असं संगीत घ्या आणि तिथून पायरीपायरीने हव्या त्या अवस्थेकडे या. म्हणून बेचैनीसाठी निवडायचा अल्बम पहिल्या दोन-तीन गाण्यांत १०० ते ११० च्या लयीचा, थोडा दाट वाद्यमेळाचा असला तरी चालेल. मध्यावर तो उतरायला हवा आणि शेवटी विरळ व्हायला हवा. गाण्यांच्या लयी क्रमाने कागदावर लिहून बघा, उतार आहे का ते लगेच दिसतं.

आणि इथेच ख्यालाचा अल्बम झोपेसाठी लावणाऱ्यांची पंचाईत होते. त्याची रचनाच चढती: आलाप, विलंबित, मग द्रुत, शेवटी ताना किंवा तराणा. वाद्यसंगीतात जोड आणि शेवटचा वेगवान भाग, 'झाला'. डोळा लागायला आणि 'झाला' सुरू व्हायला एकच गाठ पडते. झोपेसाठी फक्त आलाप आणि विलंबित वेगळे काढा आणि यादी तिथेच संपवा. श्वासाचं गणितही इथे लावू नका. विलंबित एकतालाचं बारा मात्रांचं एक आवर्तन मिनिटभरही चालतं, म्हणजे एकेक मात्रा पाच सेकंदांची. चार मात्रा श्वास आत घ्यायला गेलात तर गुदमराल.

उलटतपासणी

सगळं ठीक. पण दिवसातून सहा वेळा तोच उदास अल्बम ऐकणं हा आधार आहे की खपली काढत बसणं? इथे सगळे अल्बम कसा लावायचा ते सांगताहेत, कधी बंद करायचा ते कोणीच सांगत नाही.

कोमल_निषाद

रास्त प्रश्न. उदास संगीत आणि उदास करणारं संगीत या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाहेरून बघून ते ओळखता येत नाही. मोजावं लागतं.

वहीत दोन आकडे लिहा: लावण्याआधी जीव किती जड आहे, शून्य ते दहा, आणि संपल्यावर दहा मिनिटांनी किती. लगेच लिहू नका, शेवटच्या गाण्याचा अंमल असतो. पाच दिवस करा. पाचांपैकी तीन दिवस दुसरा आकडा मोठा आला तर तो अल्बम तूर्त ठेवून द्या. दुसरी खूण: ऐकताना डोळे भरून येणं आणि संपल्यावर मोकळं वाटणं हे चांगलंच. ऐकताना एकच वाक्य डोक्यात फिरत राहणं, 'मी तेव्हा असं केलं असतं तर', आणि गाणं कुठलं चाललंय याचा पत्ताच नसणं, हे खपली काढणं. तेव्हा अल्बम ऐकला जात नसतो, विचारांना पार्श्वसंगीत मिळत असतं.

सहा वेळा नक्कीच नको. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, शक्यतो ठरलेल्या वेळी, बसून किंवा आडवं पडून. संपल्यावर उठून करायचं एक बारीक काम आधीच ठरवलेलं असावं: पाणी पिणं, खिडकी उघडणं, एवढंच.

आणि हेही लिहायलाच हवं. दोन आठवडे बहुतेक दिवस मन खचलेलं, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, असं असेल तर अल्बम पुरणार नाही, डॉक्टरांना गाठा. जीव द्यावासा वाटत असेल तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी, कोणाला तरी सोबत घेऊन जा.

उलटतपासणी

वहीचा उपाय पटला. दहा मिनिटं थांबायची सूचना विशेष.

निवांत_कान

आवाजाची पातळी आणि रात्र.

अल्बम रात्री हळू आवाजात लावला की पातळ, पत्र्यासारखा वाटतो. अल्बम बदललेला नसतो. कान कमी आवाजाला खालचे स्वर फार कमी पकडतो, वरचेही थोडे कमी. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली याचे आलेखच काढले. जुन्या ॲम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचं बटण असे ते यासाठीच. आता इक्वलायझरमध्ये १०० हर्ट्झच्या खाली ३-४ डेसिबल आणि ८ किलोहर्ट्झच्या वर १-२ डेसिबल वाढवून 'रात्र' नावाने साठवून ठेवा. दिवसा मोठ्या आवाजात ऐकताना तो काढायला विसरू नका, नाहीतर सगळं घुमतं.

वरची मर्यादा: जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकात मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. दुःखात माणूस आवाज वाढवत नेतो, बाहेरचं सगळं बुजवायला. तसं करण्यापेक्षा कान झाकणारा किंवा बाहेरचा आवाज कापणारा हेडफोन घ्या. बाहेरची गडबड कमी झाली की आतला आवाज आपोआप खाली येतो. गोंगाटात उघड्या ईअरबड्सनी ऐकणं हे सगळ्यांत वाईट.

ईअरबड घालून झोपू नका. कुशीवर वळलं की दाब येतो, कानाच्या नळीची त्वचा सोलवटते, मळ आत ढकलला जातो. उशीखाली ठेवायचा चपटा स्पीकर किंवा पलंगापासून हातभर लांब छोटा स्पीकर बरा. टायमर मिनिटांवर लावू नका, कारण तो गाण्याच्या ऐन मध्यात कापतो आणि त्या कापण्यानेच जाग येते. 'गाणं संपल्यावर थांब' किंवा 'अल्बम संपल्यावर थांब' असा पर्याय शोधा.

झोपेसाठी किती दिवस वाट बघायची? निद्रानाशावरच्या संगीताच्या प्रयोगांचा, वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेचा २०२२ चा आढावा आहे, १३ अभ्यास, १,००७ माणसं. त्यात रोज २५ ते ६० मिनिटं, तीन दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत ऐकवलं होतं, आणि झोपेच्या दर्जात सुधारणा दिसली. तेव्हा रोजच्या रोज, तोच, त्याच वेळी, निदान दोन-तीन आठवडे. एका रात्रीत निकाल लावू नये.

खाटेजवळ

इस्पितळात अल्बम न्यायचा असेल तर.

एका कानातच लावा, दुसरा परिचारिका आणि डॉक्टरांसाठी मोकळा. पण तसं करताना फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये 'मोनो' चालू करा, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र येतो. स्टिरिओत वाद्यं डावी-उजवीकडे वाटलेली असतात. १९६० च्या दशकातल्या काही अल्बममध्ये तर गायक एका बाजूला आणि साथ दुसऱ्या बाजूला. मोनो नसेल तर तुमच्या वाट्याला नुसताच ढोलक येईल.

एमआरआयच्या खोलीत स्वतःचा हेडफोन नेता येत नाही. कुठे कुठे त्यांचा हवेच्या नळ्यांचा हेडफोन असतो, त्यातून आवाज बोबडा येतो, आणि यंत्राचा दणदणाट १०० डेसिबलच्याही वर जातो. नाजूक, संथ अल्बम तिथे वाया. ठसठशीत ठेक्याचा, अगदी तोंडपाठ असलेला निवडा, म्हणजे ऐकू न आलेला भाग मनाने भरता येतो.

केमोथेरपीच्या वेळी सगळ्यांत लाडका अल्बम लावू नका. उपचारांनंतर मळमळ होत असेल तर शरीर ती आजूबाजूच्या गोष्टींशी जोडून टाकतं. काहींना पुढे इस्पितळाच्या नुसत्या वासाने किंवा दृश्याने उलटी येते. अल्बम त्या साखळीत अडकला तर कायमचा गेला. त्या खुर्चीसाठी 'गेला तरी चालेल' असा वेगळा अल्बम ठेवा, आणि लाडका घरी आल्यावर, पोट शांत झाल्यावर.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी: बासरी किंवा लांब ठेवलेला सूर थरथरतो, कंप पावतो, अशी तक्रार असते. यंत्र त्या सुराला स्वतःचीच शिटी समजून दाबायला जातं. ऑडिऑलॉजिस्टकडून संगीताचा वेगळा प्रोग्रॅम घालून घ्या, त्यात शिटी दाबणं आणि गोंगाट कमी करणं किमान पातळीवर असतं.

आणखी एक, क्वचित घडणारं पण घडलं तर घाबरवणारं. पाठ असलेला अल्बम अचानक अर्धा स्वर उतरलेला वाटू लागला आणि कार्बामाझेपिन हे औषध चालू असेल, तर तो औषधाचा नोंदलेला परिणाम आहे. औषध थांबल्यावर तो जातो. पण स्वतःहून थांबवायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं.

गणित_कच्चं

हे शेवटचं माहीतच नव्हतं. धागा वाचनखूण.

एक अडचण: अल्बम तोच, मुखपृष्ठ तेच, पण आता ऐकल्यावर 'तो' वाटत नाही. जास्त कर्कश वाटतो. मनाचे खेळ का?

तबकडी

बहुधा नाही. दोन शक्यता.

एक, तुम्ही रिमास्टर ऐकताय. सीडीच्या काळात, विशेषतः १९९० नंतर, पुनर्मुद्रणात आवाज मोठा भासावा म्हणून शिखरं छाटून सरासरी पातळी वर आणायची चढाओढ लागली. त्याने हळू आणि मोठ्यातला फरक कमी होतो, आणि वीस मिनिटांत कान थकतो. आधारासाठी लावलेला अल्बम कानाला थकवत असेल तर काय उपयोग? स्ट्रीमिंगवर जुनी आवृत्ती काढून तिच्या जागी नवी ठेवली जाते, तुम्हाला कोणी विचारत नाही. नावापुढे 'रिमास्टर' आणि वर्ष बघा, गाण्यांच्या लांबीची जुन्या आवरणावरच्या लांबीशी तुलना करा, आणि हवी ती आवृत्ती स्वतःच्या मालकीच्या फाइलमध्ये ठेवा. लाडक्या अल्बमची सीडी विकत घेऊन एकदा नीट उतरवून घेणं हा अजूनही सगळ्यांत खात्रीचा मार्ग.

दोन, 'विशेष आवृत्ती'. मूळ दहा गाण्यांच्या मागे चार चाचणी-मुद्रणं आणि एक थेट मैफल जोडलेली असते. दहाव्या गाण्यानंतर जी शांतता यायची तिथे टाळ्या येतात. मूळ गाण्यांचीच वेगळी यादी करा.

एकच रचना असली तरी मुद्रण वेगळं म्हणजे औषध वेगळं. बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्स पियानोवादक ग्लेन गूल्डने १९५५ आणि १९८१ अशा दोनदा मुद्रित केल्या. पहिलं मुद्रण सुमारे ३८ मिनिटांचं, दुसरं ५१. स्वर तेच. एकाने हुशारी येते, दुसऱ्याने श्वास खाली बसतो. कोणाला सुचवताना नुसतं नाव सांगू नका, वर्ष सांगा.

अवांतर: 'अल्बम' हा शब्दच मुळात वहीचा. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटं मावत, त्यामुळे लांब रचना पाच-सहा तबकड्यांवर पसरे, आणि त्या तबकड्या फोटोंच्या अल्बमसारख्या बांधणीत घालून विकत. १९४८ साली ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. कितीतरी जुने अल्बम त्या वीस मिनिटांच्या हिशोबाने बांधलेत: पहिली बाजू संपते, उठायचं, तबकडी उलटायची. खाटेला खिळल्यासारख्या दिवसांत ते उठणंही कामी येतं. फाइलवर ऐकत असाल तर पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं कुठलं ते शोधा आणि तिथे स्वतः थांबा. अल्बमचा आकार एकदम कळतो.

उलटतपासणी

शब्द असलेला की नसलेला? यावर कोणी बोललं नाही.

अर्धमात्रा

डोक्यात वाक्यं फिरत असतील तर शब्द असलेला, आणि त्यातही सोबत गुणगुणता येईल असा. मनातल्या मनात बोलायला आणि ऐकलेले शब्द धरून ठेवायला मेंदू बरीचशी एकच जागा वापरतो. ती गाण्याच्या ओळींनी भरली की दुसऱ्या वाक्यांना जागा कमी उरते. गुणगुणल्याने उच्छ्वासही लांबतो. वाचायचं असेल, हिशोब करायचा असेल किंवा झोपायचं असेल तर शब्दांविना. कळत नसलेल्या भाषेतला अल्बम हा मधला मार्ग आहे: माणसाचा आवाज मिळतो, अर्थाचा काटा टोचत नाही. मात्र ओळी थेट आपल्याच प्रसंगावर बोट ठेवणाऱ्या असतील तर आधी कागदावर वाचून बघा. ऐन गाण्यात कळलं तर उशीर झालेला असतो.

कोमल_निषाद

उरलेल्या दोन गोष्टी.

अल्बम लागेनासा होणं. पूर्वी हमखास भिडणारं आता सपाट वाटतं. खचलेल्या मनाचं हे नेहमीचं लक्षण आहे, अल्बम मेला असा अर्थ काढू नका आणि जबरदस्तीने पूर्णही करू नका. एकच गाणं, तेही शेवटचं, आठवड्यातून दोनदा, एवढ्यावर आणा. अतिवापराने बोथट झाला असेल तर तीन-चार आठवडे बंद आणि त्याजागी त्याच वळणाचा दुसरा. म्हणून सुरुवातीपासून दोन अल्बम आलटून पालटून ठेवणं शहाणपणाचं. काही माणसांना, ३ ते ५ टक्के म्हणतात, संगीतातून आनंद मिळतच नाही. कान चांगला असतो, मनही ठीक असतं. अशा माणसाला अल्बम देत बसू नका, त्याच्यासोबत चालायला जा.

दुसरं, दुसऱ्याला देणं. एक अल्बम द्या, सात नव्हे. दुवा पाठवताना 'ऐक, रडशील' किंवा 'ऐक, बरं वाटेल' असं काहीही लिहू नका. नाव, वर्ष, लांबी, पुरे. 'ऐकलास का?' कधीच विचारू नका, तो गृहपाठ होतो. म्हाताऱ्या माणसाला द्यायचा असेल तर त्याच्या वयाच्या दहा ते तीस वर्षांच्या काळातलं शोधा. त्या वयातल्या आठवणी सगळ्यांत घट्ट असतात, गाण्यांच्याही.

गणित_कच्चं

सीडी उतरवली. दोन डिस्कचा अल्बम आहे. प्लेअर पहिल्या डिस्कचं पहिलं, दुसऱ्या डिस्कचं पहिलं, मग दोन्हींची दुसरी अशी वाजवतोय. शफल बंद आहे, शपथ.

तबकडी

फाइलींमध्ये डिस्क क्रमांक भरलेला नाही. टॅग (फाइलमध्ये लिहिलेली गाण्याची माहिती) बदलायच्या कुठल्याही ॲपमध्ये दोन्ही डिस्कची गाणी वेगवेगळी निवडा, 'डिस्क क्रमांक' रकान्यात १ आणि २ भरा. 'अल्बम कलाकार' हा रकाना सगळ्या फाइलींत अक्षरन् अक्षर सारखा हवा, नाहीतर पाहुणा गायक असलेलं गाणं तुटून वेगळा अल्बम होतं. गाण्याचा क्रमांक १ ऐवजी ०१ असा लिहा, काही जुने प्लेअर १ नंतर १० वाजवतात. मग लायब्ररी पुन्हा स्कॅन.

गणित_कच्चं

झालं. डिस्क क्रमांकाचीच गडबड होती.